साथीत पुढारी कसा ओळखायचा? बॅनरवरून की टीसीएलच्या गोणीवरून?

हिंजवडी (ता. मुळशी) : "कोरोनात साहेबांनी लय काम केलं." हे वाक्य आपल्या भागात कुठल्याही पारावर, सलूनमध्ये नाहीतर लग्नाच्या पंगतीत ऐकू येतं. साहेब मात्र प्रत्येकाचा वेगळा. कुणाचा आमदार, कुणाचा खासदार, कुणाचा सरपंच, कुणाचा नुसताच 'युवा नेता'. लय काम म्हणजे नेमकं काय, असं विचारलं की उत्तरं ठरलेली असतात. किराणा किट वाटलं, ट्रॅक्टरनं गल्लीत औषध फवारलं, अॅम्ब्युलन्स दिली, फोन करून बेड मिळवून दिला.

यातलं काहीच वाईट नाही. ज्याच्या घरात त्या महिन्यात चूल पेटायची पंचाईत होती, त्याला किटची किंमत माहीत आहे. पण एखादा पुढारी साथीच्या काळात कामाचा होता की नाही, हे किटवरून ठरतं का? बियाणं चांगलं की वाईट हे पिशवीवरच्या फोटोवरून ठरवणारा शेतकरी दोन हंगामांत शहाणा होतो. पुढाऱ्याच्या बाबतीत मात्र आपण दर वेळी पिशवीच बघतो.

साथ काही एकदाच येऊन जात नाही. कोरोना ओसरला म्हणेपर्यंत २०२५ च्या जानेवारीत पुण्यात जीबीएस आला, आणि तोही थेट आपल्यासारख्याच गावांत. अर्धी गावं, अर्धं शहर. म्हणून हा विषय घेतला. कोणाला मत द्यायचं हे सांगण्यासाठी नाही, तर मापायचं कशानं ते बघण्यासाठी.

आधी बघा, कोणाच्या हातात काय होतं

पुढाऱ्याला दोष द्यायचा किंवा शाबासकी द्यायची, तर ती गोष्ट त्याच्या हातात होती का, हे आधी बघावं लागतं. आपल्याकडं इथंच घोटाळा होतो.

वाकड महापालिकेत आहे, आणि त्याला खेटून असलेली हिंजवडी ग्रामपंचायतीत. रस्त्याच्या एका बाजूला मनपाचा दवाखाना, मनपाचे डॉक्टर, मनपाचं पाणी. दुसऱ्या बाजूला प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, बांधकाम परवानगी पीएमआरडीएची, आयटी पार्क एमआयडीसीचं आणि कचरा ग्रामपंचायतीच्या माथी. साथ पसरली तर कुणाची गचांडी धरायची? प्रत्येक जण दुसऱ्याकडं बोट दाखवू शकतो, आणि दाखवतोच.

तर साधी फोड अशी. गावातलं पिण्याचं पाणी, गटार, कचरा, धूरफवारणी ही ग्रामपंचायतीची जबाबदारी. आरोग्य केंद्र, उपकेंद्र, तिथली माणसं आणि औषधं जिल्हा परिषदेची. साथरोग कायदा लावणं, संचारबंदी, रुग्णालयाच्या खाटा ताब्यात घेणं हे जिल्हाधिकारी आणि राज्य सरकारचं. हा साथरोग कायदा १८९७ चा आहे, मुंबईत प्लेग आला तेव्हा इंग्रजांनी केलेला. मार्च २०२० मध्ये राज्यानं तोच बाहेर काढला. लसीची खरेदी आणि देशभराचं लॉकडाऊन केंद्राच्या हातात.

आणि खासदार? एप्रिल २०२० मध्ये केंद्रानं खासदार निधीच थांबवला होता, तो नोव्हेंबर २०२१ पर्यंत बंद होता. म्हणजे ऐन साथीत खासदारांकडं स्थानिक विकासाचा पैसा नव्हता. "खासदारानं गावाला काय दिलं" म्हणून तेव्हा भांडणाऱ्यांना हे ठाऊक असायला हवं. त्या काळात खासदाराला मोजायचं असेल, तर दिल्लीत त्यानं काय प्रश्न विचारले, ऑक्सिजनसाठी कुणामागं लागला, यावरून मोजा. उलट आमदारांना २०२१ च्या एप्रिलमध्ये आपल्या निधीतले १ कोटी रुपयांपर्यंत कोरोनासाठी वापरायला परवानगी मिळाली होती. त्यांना मात्र विचारायला जागा आहे. किती वापरले, कशावर वापरले, आणि ती वस्तू आज कुठं आहे?

बेड मिळवून देणारा आणि बेड वाढवणारा

२०२१ चा एप्रिल आठवा. ऑक्सिजनचा बेड म्हणजे लॉटरी. ज्याच्या मोबाईलमध्ये पुढाऱ्याच्या पीएचा नंबर, तो नशीबवान. त्या वेळी ज्यांना फोनवरून बेड मिळाला, ते आयुष्यभर त्या पुढाऱ्याचे झाले, आणि ते साहजिक आहे.

पण जरा थंड डोक्यानं बघू. रुग्णालयात १०० खाटा आहेत आणि बाहेर १५० माणसं थांबली आहेत. साहेबांनी फोन केला म्हणून १०१ वी खाट तयार होत नाही. तुमचा माणूस आत जातो आणि रांगेतला दुसरा कुणीतरी, ज्याच्याकडं नंबर नव्हता, तो मागं जातो. एकूण जीव तेवढेच वाचतात. फक्त कोणाचा वाचला ते बदलतं. कित्येकदा जास्त गरज असलेलाच मागं पडतो, कारण धाप लागलेला माणूस पीएला फोन लावत बसत नाही.

म्हणजे फोन करणारा पुढारी नालायक ठरतो असं नाही. दारात आलेल्याला नाही म्हणणं अवघडच. पण त्याची लायकी फोनवरून ठरत नाही, एवढंच. खाटा वाढाव्यात म्हणून त्यानं आधीचे सहा महिने काय केलं, यावरून ती ठरते.

आपल्या हिंजवडीतलंच उदाहरण घ्या. मे २०२० मध्ये विप्रो कंपनीनं राज्य सरकारबरोबर करार केला आणि आयटी पार्कमधलं आपलं एक आवार ४५० खाटांचं कोविड रुग्णालय म्हणून दिलं. जागा, खाटा, साहित्य कंपनीचं, डॉक्टर-नर्स सरकारी बाजूनं. महिनाभराच्या आसपास, जूनमध्ये ते उभंही राहिलं. त्याचा गाजावाजा कंपनीच्या नावानं झाला. पण यात राज्यकर्त्यांचं आणि जिल्हा प्रशासनाचं काम काय होतं, ते नीट बघा. रिकामी इमारत दिसणं, मालकाशी बोलणं, करारात कोण काय देणार हे लिहून घेणं आणि डॉक्टर लावणं. या कामाचा फोटो निघत नाही. कागद निघतो. साथीत लायक माणूस कसा ओळखायचा, तर असे कागद किती निघाले ते बघा.

दुसरं उदाहरण लांबचं, नंदुरबारचं. राज्याच्या टोकाचा आदिवासी जिल्हा, जवळपास मोठं शहर नाही. तिथले तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारुड स्वतः डॉक्टर. पहिली लाट उतरत होती, बाकी सगळे सुटलो म्हणून श्वास टाकत होते. त्यांनी सप्टेंबर २०२० मध्ये हवेतून ऑक्सिजन तयार करणारा पहिला प्रकल्प बसवला. दुसरी लाट भरात यायच्या आत आणखी प्रकल्प उभे केले. एप्रिल २०२१ मध्ये राज्याची ऑक्सिजनची गरज दिवसाला पंधराशे टनांच्या पुढं गेली, राज्यात तयार होत होता साडेबाराशेच्या आसपास, टँकर परराज्यांतून रेल्वेनं आणावे लागत होते. तेव्हा नंदुरबार स्वतःचा ऑक्सिजन वापरत होतं.

भारुड अधिकारी होते, पुढारी नव्हते, हे खरं. पण पैसा जिल्हा नियोजनातून लागतो, आणि त्यावर पालकमंत्री असतात, आमदार असतात. "आता कशाला, साथ तर गेली" असं म्हणून फाईल अडवणारा पुढारी आणि "बसवून टाका" म्हणणारा पुढारी, यातला फरक सहा महिन्यांनी माणसांच्या जिवात मोजला जातो. भाताला पाणी लागायच्या वेळी बंधारा बांधून भागत नाही, तो उन्हाळ्यातच बांधावा लागतो, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

आता याच्या उलटी गोष्ट. त्याच एप्रिलमध्ये रेमडेसिविरच्या इंजेक्शनसाठी लोक वेड्यासारखे फिरत होते. पुढाऱ्यांमध्येही 'मी आणून देतो'ची चढाओढ लागली. नगरचे तेव्हाचे खासदार सुजय विखे यांनी दिल्लीहून खास विमानानं इंजेक्शनं आणली आणि त्याचा व्हिडिओ सगळीकडं फिरला. लोकांनी डोक्यावर घेतलं. पुढं प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेलं, आणि असा साठा खासगी पद्धतीनं आणण्यावर न्यायालयानं प्रश्न केले. हेतू चांगला असेल, तो भाग वेगळा. पण जागतिक आरोग्य संघटनेनं नोव्हेंबर २०२० मध्येच सांगितलं होतं की या औषधानं जीव वाचतो असा पुरावा नाही. जीव वाचवत होता तो ऑक्सिजन, वेळेवर केलेली तपासणी आणि डॉक्टर-नर्सची नजर. नेत्याचं काम काय, तर लोक ज्याच्यामागं धावतायत ते आणून देणं की ज्याची खरी गरज आहे ते? माझं मत विचाराल तर दुसरं. पण पहिल्यालाच टाळ्या पडतात, हेही तेवढंच खरं.

बोलणं एक, वागणं एक

साथीत नेत्याचा शब्द हेच अर्धं औषध असतं. सरकार म्हणालं घरी बसा, आणि लोक बसले, तर ते पोलिसांच्या काठीमुळं नाही, विश्वासामुळं. तो विश्वास एका दिवसात मोडतो.

३ जून २०२१ ची गोष्ट. दुसरी लाट उतरत होती. तेव्हाचे मदत व पुनर्वसन मंत्री विजय वडेट्टीवार यांनी पत्रकारांना सांगितलं की पाच टप्प्यांत अनलॉक होणार, अठरा जिल्हे पूर्ण खुले. चॅनेलवर पट्ट्या सुटल्या. दुकानदारांनी शटर वर करायची तयारी केली. आणि काही तासांतच सरकारकडून खुलासा, की असा अंतिम निर्णय झालेलाच नाही. शेवटी नियमावली आली आणि ७ जूनपासून ती लागू झाली. तीत पाच टप्पेच होते! म्हणजे योजना वाईट नव्हती. उलट, शंभर तपासण्यांत किती बाधित आणि ऑक्सिजनच्या किती खाटा भरलेल्या, यावर जिल्ह्याचा टप्पा ठरवायचा, ही पद्धत समजायला सोपी होती. पण कोण बोलणार, कधी बोलणार, हे आधी ठरलं नव्हतं. अशा वेळी एकानंच बोलावं, हा साधा नियम. लग्नघरातसुद्धा आचाऱ्याला एकानंच सांगायचं असतं, नाहीतर भात दोनदा शिजतो.

पुण्यात जुलै २०२० मध्ये वेगळाच प्रकार. १० तारखेला जाहीर केलं की १३ च्या मध्यरात्रीपासून दहा दिवस कडक लॉकडाऊन. मधले तीन दिवस लोकांनी बाजारात जी झुंबड केली, ती बघून वाटलं, विषाणूला यापेक्षा चांगली सोय काय हवी. त्याच दिवसांत पुणे मनपाचे आयुक्तही बदलले. ऐन मळणीत मुकादम बदलायचा म्हणजे काय, ते सांगायला नको.

आणि वागणं. २१ फेब्रुवारी २०२१ ला तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी राज्याला सांगितलं की गर्दी टाळा, नाहीतर पुन्हा लॉकडाऊन. दोनच दिवसांनी त्यांच्याच मंत्रिमंडळातले संजय राठोड पोहरादेवीला गेले आणि तिथं हजारोंची गर्दी जमली. विरोधी पक्ष टीका करत होता, पण एप्रिलमध्ये पंढरपूर-मंगळवेढ्याची पोटनिवडणूक आली तेव्हा सत्ताधारी काय नि विरोधक काय, दोघांच्याही सभा झाल्या. मतदान १७ एप्रिलला, आणि राज्यात १४ एप्रिलपासून संचारबंदी! ज्या लोकांनी घरच्या लग्नाला पाहुणे बोलावले नाहीत, दहाव्याला भावकी बोलावली नाही, त्यांनी टीव्हीवर हे बघितलं. त्यानंतर मास्क लावा म्हणून आशाताई दारात आली, तर लोक तिलाच सुनावणार. तिनं काय घोडं मारलं होतं?

फक्त कडकपणा म्हणजे लायकी नव्हे, हेही पुण्याला चांगलं माहीत आहे. १८९७ च्या प्लेगात इंग्रज सरकारनं रँडला आणलं. माणूस कर्तव्यकठोर, कामाला वाघ. रोगी शोधायचे, वेगळे काढायचे, घरं धुवायची. वैद्यकशास्त्राच्या तेव्हाच्या समजुतीनं हे चुकीचं नव्हतं. पण सोल्जर घरात घुसवले, देवघर-स्वयंपाकघर बघितलं नाही, बायकांची विटंबना झाली अशा तक्रारी झाल्या, त्या ऐकून घेतल्या नाहीत. लोक रोगी लपवायला लागले, म्हणजे मूळ कामच बुडालं. २२ जूनला आपल्या शेजारच्या चिंचवडच्या चापेकर बंधूंनी त्याला गोळी घातली, तो इतिहास सगळ्यांना पाठ आहे. त्याच साथीत टिळक पुणं सोडून गेले नाहीत, प्लेगच्या रुग्णांसाठी त्यांनी रुग्णालय चालवायला पुढाकार घेतला, आणि पळून गेलेल्या पुढाऱ्यांना केसरीतून झोडपलं. सावित्रीबाई फुले तर रुग्णांची सेवा करता करताच १० मार्च १८९७ ला गेल्या. त्यांच्या हातात ना सत्ता होती ना निधी.

आकडा मोठा म्हणजे काम वाईट?

इथं जरा थांबून समजून घ्या, कारण व्हॉट्सअॅपवर याचा सगळ्यात जास्त गोंधळ असतो.

"अमक्या राज्यात एवढे रुग्ण, तमक्यात एवढेच, म्हणजे अमका मुख्यमंत्री फेल." असं सरळ नसतं. जो जास्त तपासतो, त्याला जास्त सापडतात. जो तपासतच नाही, त्याच्याकडं साथ नसतेच. कागदावर. म्हणून नुसता रुग्णांचा आकडा बघू नका. शंभर तपासण्यांत किती बाधित निघतात ते बघा. जागतिक आरोग्य संघटनेनं याची रेघ पाच टक्क्यांवर धरली होती. शंभरातले वीस-पंचवीस बाधित येत असतील, तर समजायचं की तपासण्या कमी पडतायत आणि गावात आणखी बरेच फिरतायत.

मृत्यूच्या बाबतीत तर आणखी. १६ जून २०२० ला महाराष्ट्रानं एका दिवसात १,३२८ जुने, आधी नोंदवायचे राहिलेले मृत्यू यादीत घातले. दुसऱ्या दिवशी मथळे भयंकर आले. टीका झाली ती बरोबरच होती, नोंद आधीच का झाली नाही? पण राहिलेला आकडा मान्य करून जाहीर करणं आणि तो गिळून टाकणं, यात पहिल्याला गुण द्यावे लागतील. स्मशानात सरणाला जागा नाही आणि सरकारी यादीत दोनच मृत्यू, असं जिथं असेल तिथल्या पुढाऱ्याचा आकडा कितीही लहान असो, त्याच्यावर भरवसा नको.

गावाच्या पातळीवरही हेच. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचं नाव मे २०२१ मध्ये देशभर झालं. दुसऱ्या लाटेत तिथंही पन्नासच्या आत रुग्ण निघाले होते. पोपटराव पवारांनी ते लपवले नाहीत. घरोघरी तपासणी लावली, लक्षण दिसलं की वेगळं ठेवलं, गावच्याच माणसांची पथकं केली, आणि मेमध्ये गाव कोरोनामुक्त झालं. त्यानंतर राज्यानं कोरोनामुक्त गावांची स्पर्धा काढली, प्रत्येक महसूल विभागात पहिलं बक्षीस ५० लाखांचं. चांगली कल्पना. फक्त बक्षिसासाठी रुग्ण कमी दाखवायचा मोह कुठल्या गावाला होऊ नये, असं मनात आल्याशिवाय राहत नाही.

बिलाचं काय झालं?

थोडक्यात सांगतो. २१ मे २०२० ला राज्यानं खासगी रुग्णालयांच्या ८० टक्के खाटांवर दर बांधून दिले. साधा वॉर्ड दिवसाला ४,००० रुपये, आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. निर्णय उत्तम होता. बिलं तपासायला लेखापरीक्षकही नेमले. पण किती गावकऱ्यांना हे दर माहीत होते? आमच्या भावकीतल्या एकाचं बिल याच्या कितीतरी वर गेलं, आणि बिल तपासून घेता येतं हे त्यांना जमीन गहाण ठेवल्यावर कळलं. रुग्णालयाचं नाव इथं देत नाही. सांगायचा मुद्दा असा की, चौकात वाढदिवसाचा वीस फुटी बॅनर लावणाऱ्या एकाही पुढाऱ्यानं हे तीन दर लिहिलेला बॅनर लावलेला मला दिसला नाही. खर्च तेवढाच आला असता.

जीबीएस : साथ आली पाण्यातून

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण हे आपल्या दाराशी आहे.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या बाजूला, नांदेड गाव, किरकटवाडी, खडकवासला, धायरी या पट्ट्यात लोकांच्या हातापायातली ताकद अचानक जायला लागली. आधी जुलाब, मग आठ-पंधरा दिवसांनी पाय उचलेनात. काहींना व्हेंटिलेटर लागला. हा गुलेन बारी सिंड्रोम, म्हणजे जीबीएस. शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणा स्वतःच्याच नसांवर उलटते. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही, पण तो ज्या जंतूमुळं सुरू होऊ शकतो, तो दूषित पाण्यातून नाहीतर अन्नातून येतो. रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला. रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली, काही जणांचा जीव गेला.

साथ आल्यावर सरकार हललं. राज्याचं पथक आलं, केंद्राचं पथक आलं, घरोघरी सर्वेक्षण झालं, मनपांच्या रुग्णालयांत मोफत उपचार जाहीर झाले, खासगी आरओ प्लांट तपासून कित्येक बंद केले. हे सगळं पटपट झालं, त्याचे गुण द्यायला हरकत नाही.

पण साथीच्या आधीचं बघा. सगळ्यात जास्त रुग्ण महापालिकेत नव्यानं घेतलेल्या गावांतले होते. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही गावं ३० जून २०२१ ला पुणे मनपात गेली. गेली म्हणजे कर लागू झाला, गावचा सरपंच गेला, ग्रामसभा गेली. आणि पाणी? ते विहिरीतूनच येत राहिलं, ब्लीचिंग टाकून. शुद्धीकरण प्रकल्प नव्हता. धरण उशाला, आणि घशाला असं पाणी. साडेतीन वर्षं.

मग जबाबदार कोण? इथं खरी मेख आहे. पुणे मनपाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. पिंपरी-चिंचवडचीही त्याच महिन्यात. पुणे जिल्हा परिषदेचीही. निवडणुका वेळेवर झाल्याच नाहीत. जीबीएस आला तेव्हा तिन्ही ठिकाणी प्रशासक होते. म्हणजे ज्याला लोकांनी निवडून दिलं आणि ज्याला लोक घरी पाठवू शकतात असा एकही नगरसेवक, एकही जिल्हा परिषद सदस्य त्या वेळी नव्हता. नगरसेवक असते म्हणजे पाणी स्वच्छ आलं असतं, असं मी म्हणणार नाही, एवढा भाबडेपणा नको. पण नळाला गढूळ पाणी आलं की बायका हंडे घेऊन ज्याच्या दारात जाऊन बसतात, ते दारच उरलं नव्हतं. निवडणुका एवढी वर्षं का लांबल्या, याला कोर्टातल्या आरक्षणाच्या वादापासून बरीच कारणं आहेत. त्या लवकर व्हाव्यात म्हणून कोणत्या पक्षानं जिवाचं रान केलं आणि कोण गप्प बसून सोय बघत होतं, हाही लायकी मोजायचाच भाग आहे.

हिंजवडी, माण, मारुंजी महापालिकेत घ्या, अशी मागणी आपल्याकडं जोरात असते. बाजूनं आणि विरोधात दोन्हीकडं मुद्दे आहेत, त्यात आज शिरत नाही. पण जो पुढारी गाव मनपात नेतो म्हणतो, त्याला विचारा, पाण्याची लाईन किती दिवसांत? आणि जो नको म्हणतो, त्याला विचारा, मग ग्रामपंचायतीकडून एवढ्या लोकसंख्येला शुद्ध पाणी कसं देणार? नांदेड गावानं या प्रश्नाची किंमत मोजलेली आहे.

लोकसंख्येचंच घ्या. आरोग्य केंद्र किती माणसांमागं एक, नर्स किती, हे सगळं जनगणनेवर ठरतं. साधारण ३० हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र, पाच हजारांना एक उपकेंद्र. आणि हिशेबाला धरतात ती जनगणना २०११ ची. २०२१ ची ठरल्या वेळी झालीच नाही. २०११ नंतर हिंजवडीत किती टॉवर उभे राहिले, किती खोल्या निघाल्या, किती कामगारांच्या वस्त्या बसल्या, ते आपण रोज बघतो. आयटीतली पोरं खासगी दवाखान्यात जातात. पण टॉवर बांधणारा बिहार-ओडिशाचा मजूर, घरकाम करणाऱ्या मावश्या, सिक्युरिटीवाले, त्यांना सरकारी केंद्रच. आशाताईच्या यादीत हे लोक बसतात का? एका आशाताईला हजार-दीड हजार माणसं धरलेली असतात, प्रत्यक्षात तिच्या भागात किती आहेत? याचा जाब मागणारा आमदार, जिल्हा परिषद सदस्य हा साथीच्या आधीच काम करणारा पुढारी. जून २०२१ मध्ये आशाताईंना मानधनासाठी संप करावा लागला, तेव्हा कुठं दरमहा दीड हजारांची वाढ मिळाली. त्याच्या आधी त्यांना 'कोरोना योद्धा'ची सर्टिफिकेटं भरपूर मिळाली होती.

आपल्या गावात आज काय बघता येईल

यासाठी साथ यायची वाट बघावी लागत नाही.

ग्रामपंचायतीत जा आणि गावाला पाण्याचं कोणतं कार्ड मिळालं आहे ते विचारा. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, पाण्याच्या स्रोतांची पाहणी होऊन ग्रामपंचायतीला कार्ड मिळतं. हिरवं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे सावध, लाल म्हणजे धोका. सरपंचाच्या केबिनमध्ये सत्काराचे फोटो असतात, हे कार्ड कुठं लावलंय ते बघा.

मग टीसीएल. ब्लीचिंगची गोणी कधी आणली, कुठं ठेवली? ओलाव्यात उघडी पडली तर क्लोरिन उडून जातो आणि उरतो तो चुना. वीस टक्क्यांच्या खाली क्लोरिन असलेली पावडर कामाची नाही. जलसुरक्षक रोज ओटी टेस्ट करतो का, वही दाखवा म्हणा. दोन थेंब टाकले आणि पाणी पिवळसर झालं तर क्लोरिन आहे, रंग बदललाच नाही तर नाही. नळाच्या शेवटच्या टोकाला, म्हणजे ज्या वाडीत पाणी सगळ्यात शेवटी पोचतं तिथं, लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन मिळायला हवा. टाकीखालच्या पाण्याची टेस्ट चांगली येणारच, टोकाची मागा. आणि आपल्याकडं अर्धं गाव टँकर आणि जारवर आहे, त्या पाण्याची तपासणी कोण करतं, हा प्रश्न ग्रामसभेत लिहून द्या.

पैशाचं बघायचं तर मोबाईलवर ई-ग्रामस्वराजच्या साईटवर गावाचं नाव टाका. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता. तो कशावर खर्च झाला, ते तिथं दिसतं. गावच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीची शेवटची बैठक कधी झाली, हे आशाताईला विचारा. उत्तर ऐकून तिच्यावर चिडू नका.

कुणी कागद दाखवत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांत उत्तर. दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही १० रुपये लागत नाहीत. अर्जात 'पाणी कसं आहे' असं मोघम विचारू नका. 'मागील १२ महिन्यांतील पाणी नमुन्यांचे तपासणी अहवाल, टीसीएल खरेदीची बिले आणि ओटी टेस्ट नोंदवहीच्या छायांकित प्रती द्याव्यात' असं लिहा. ग्रामसेवकांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, अर्ज त्यांच्या नावानं करायचा आणि पोच घ्यायची. ग्रामसभा बहुतेक गावांत २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला असते. अर्ज त्याच्या महिनाभर आधी टाकला, तर कागद हातात घेऊनच सभेला बसता येतं.